सरोवराचा शेजार

सरोवर म्हटले की आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे बहुधा देवळापुढील तळी उभी राहते. चिऱ्यांच्या पायऱ्या, पाण्यात उतरलेले दीपमाळेचे प्रतिबिंब, काठावर घासून ठेवलेली पूजेची उपकरणी. गोमंतकातील कित्येक मंदिरांच्या आवारात हे चित्र आजही सापडेल. पाणी तेथे आश्रितासारखे राहते आणि सांगोडाच्या रात्री देवाची नाव अंगावर वागवते. आम्ही गेली कित्येक वर्षे ज्याच्या शेजारी राहत आहोत, त्या एरी सरोवराचा स्वभाव असा नाही. त्याची लांबी सुमारे ३८८ किलोमीटर आहे. पणजीहून सरळ रेषेत उडालेला पक्षी तेवढ्या अंतरात जवळजवळ मुंबईला पोहोचेल. पलीकडचा काठ दिसत नाही. नवा आलेला पाहुणा ओंजळभर पाण्याची चव घेऊन पाहीपर्यंत हा समुद्र नव्हे यावर विश्वास ठेवायला तयार नसतो.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, या सरोवराच्या पूर्वेकडील कोपऱ्यावर बफेलो शहर वसले आहे. त्याच्या भोवतालच्या मुलखास एरी काउंटी म्हणतात. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्हा म्हणावा. या जिल्ह्याचा कारभार कोण पाहतो हे पुष्कळांना सांगता येणार नाही. हवा कोण ठरवतो, हे मात्र शाळेतले पोरही सांगेल.

या सरोवराची भीती बाळगायची ती त्याच्या गारठ्यामुळे नव्हे, त्याच्या उबेमुळे, ही गोष्ट आमच्या गळी उतरायला बराच काळ लागला. पाच महासरोवरांत हे सर्वांत उथळ. सरासरी खोली अवघी १९ मीटर. उन्हाळ्यात ते लवकर तापते आणि ती ऊब कार्तिक-मार्गशीर्षापर्यंत पोटात धरून ठेवते. नेमक्या त्याच दिवसांत कॅनडाच्या बाजूने हिवाळ्यातील पहिली बोचरी हवा उतरते. पाणी आणि दीडएक किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानांत तेरा अंश सेल्सिअसचे अंतर पडले की पाण्याची वाफ वर झेपावते, ढगांच्या रांगा बांधल्या जातात, आणि वारा नैर्ऋत्येकडून सरोवराच्या लांबीच्या रेषेत आला म्हणजे ती सारी वाफ हिमरूपाने आमच्या माथ्यावर येऊन कोसळते. बेळगावच्या वाचकाला हे फार समजावून सांगावे लागू नये. अरबी समुद्राची वाफ सह्याद्रीला अडते, आंबोलीत दिवसेंदिवस आभाळ फाटते, आणि तेथून दोन तासांच्या वाटेवर बेळगावात माणूस छत्री काखेत मारून बाजार करीत असतो. आमच्याकडे सह्याद्री नाही, दक्षिणेला काही टेकड्या आहेत. पण आंबोली आणि बेळगाव आहेतच, आणि ती रोज आपल्या जागा बदलतात. सरोवर गोठले म्हणजे मात्र वाफेचा पुरवठा तुटतो. म्हणून पौष-माघात पाण्यावर बर्फाचे झाकण बसले की इथली माणसे सुस्कारा टाकतात.

हिमाचा हा पट्टा कधी कधी पंधरा-वीस किलोमीटर रुंद असतो आणि त्याची कड सुरीने कापल्यासारखी असते. १८ नोव्हेंबर २०१४ रोजी, कार्तिक वद्य एकादशीला, आम्ही काउंटीच्या उत्तर भागात घराबाहेर उभे होतो. डोक्यावर निळे आकाश होते. दक्षिणेला क्षितिजापासून वर चढलेली एक पांढुरकी भिंत उभी होती आणि तिच्या पोटात मधूनमधून वीज चमकत होती. त्या भिंतीखालच्या गावांत त्या आठवड्यात पाच फुटांहून अधिक हिम पडले, काही ठिकाणी सहा-सात फूट. आमच्या अंगणात काही इंच. डझनभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत फावड्याने हिम उपसता उपसता ज्यांचे हृदय बंद पडले असेही होते. हिम कापसासारखे दिसते खरे, परंतु ओल्या हिमाचे फावडे उचलणे म्हणजे विहिरीतून भरली घागर ओढणे होय, आणि तेही शंभर वेळा.

भाषेची अडचण आम्हांला प्रारंभी फार जाणवली. पावसासाठी मराठीत शब्दांची केवढी श्रीमंती! रिपरिप, भुरभुर, सर, झड, झोड, मुसळधार, पागोळ्या. हिमासाठी मात्र एक पुस्तकी हिम आणि एक गोळेवाल्याचा बर्फ. पुढे आमच्या घराघरांतून पावसाचेच शब्द हिमाच्या कामाला जुंपले गेले. बारीक पडू लागले की ती भुरभुर. दोन दिवस थांबेना की झड लागली. वाऱ्याने जमिनीवरचे हिम उचलून सगळे पांढरे केले, पुढचा माणूस दिसेनासा झाला, तर त्याला आमच्या मंडळात ‘आंधळे’ म्हणतात. “आज आंधळे आहे, निघू नका,” असे फोनवर सांगितले की पुरे होते. हा शब्द कोणी काढला हे आता कोणालाच आठवत नाही.

वर्षातील सहा महिने हे सरोवर फार सज्जनपणे वागते, हेही सांगितले पाहिजे. उन्हाळ्यात त्याच्यावरून येणारा गार वारा काठची हवा आटोक्यात ठेवतो. बफेलोच्या नोंदींत २०२४ अखेरपर्यंत पारा कधीही १०० अंश फॅरनहाइटला पोहोचलेला नाही. ऑगस्ट १९४८ मधील ९९ हा उच्चांक. आमचा श्रावण असा निरभ्र आणि सोनेरी जातो की मंगळागौरीच्या पत्रीसाठी बागेत उतरलेल्या मुलींना पावसाची आठवणही होत नाही. त्यांच्या आजीला मात्र होते. वसंतात थंडगार पाणी काठची हवा थंड ठेवते, त्यामुळे झाडांना फुटवा उशिरा येतो आणि उशिराचे दहिवर कोवळ्या कळ्यांना मारू शकत नाही. काठाकाठाने नैर्ऋत्येला पसरलेले काँकॉर्ड द्राक्षांचे मळे याच उपकारावर जगतात. गडद जांभळी, जाड सालीची ही द्राक्षे गणपतीच्या दिवसांत बाजारात येऊ लागतात आणि नैवेद्याच्या ताटात आमच्याकडे तीच असतात.

तुळशीचे तेवढे निभत नाही. पहिल्या दहिवराच्या आत, साधारण आश्विनात, तिला घरात घ्यावे लागते आणि तिचे लग्न दक्षिणेकडील खिडकीपाशी लागते. रथसप्तमीला अंगणात दूध उतू घालायचे ते सूर्याकडे तोंड करून. आमच्याकडे त्या दिवसांत सूर्यनारायण ढगांच्या झापडीमागे आठ-आठ दिवस दर्शन देत नाहीत. १९७७ साली तर रथसप्तमी होते न होते तोच, २८ जानेवारीला, येथील इतिहासातील एक भयंकर वादळ आले. त्याची गोष्ट उलटी. त्या वर्षी सरोवर डिसेंबरच्या मध्यालाच गोठले होते. त्याच्या पाठीवर साचलेले कोरडे हिम ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने उचलून शहरावर आणून टाकले. आकाशातून नवे पडले ते जेमतेम फूटभर. ऑक्टोबर २००६ मध्ये कोजागिरीला आठवडाही लोटला नव्हता, झाडांवर पाने तशीच होती, आणि एका रात्रीत सुमारे दोन फूट ओले हिम पडले. रात्रभर फांद्या मोडल्याचे आवाज बंदुकीच्या बारासारखे येत होते. लाखो घरांची वीज गेली. त्या वर्षी दिवाळीची आवराआवर अनेकांनी मेणबत्तीच्या उजेडात केली.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतो.

आमच्या येथे वीस-बावीस मराठी-कोंकणी घरांचे एक भजनी मंडळ आहे. प्रत्येक एकादशीला एकेका घरी भजन. पंचवीस वर्षांत एकही एकादशी चुकली नव्हती, आणि त्याचा आम्हांला अभिमान होता. मंडळात सर्वांत वडील अण्णा; बेळगावकडील वारकरी घराण्यातले, पंचाहत्तरी उलटलेले, बफेलो शहरात एका जुन्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर एकटे राहणारे. नेमाच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा.

नोव्हेंबर २०२२ मध्ये कार्तिक वद्य एकादशी भारतात रविवारी, २० तारखेला होती; आमच्या अक्षांश-रेखांशांच्या पंचांगाप्रमाणे ती शनिवारी, १९ला येत होती. पाळी ऑर्चर्ड पार्कच्या एका घराची होती. गुरुवारी सुरू झालेल्या वादळाने त्या गावावर सुमारे ८० इंच हिम टाकले. वाहने बाहेर काढण्यास बंदी झाली. तेथेच येथील बिल्स या फुटबॉल संघाचे मैदान आहे. रविवारचा त्यांचा सामना डेट्रॉइटला हलविण्यात आला. आम्ही ठरविले की प्रत्येकाने आपापल्या देवापुढे बसावे आणि फोनवरून एकत्र अभंग म्हणावेत. अण्णांना ते रुचले नाही. “पावसाला भिऊन वारी राहिली असे कधी ऐकले आहे काय तुम्ही?” असे त्यांनी विचारले. मंडळातील एका तरुणाने नम्रपणे, पण स्पष्ट सांगितले, “अण्णा, २०२० साली माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. वारी पायी निघाली नाही. म्हणून नेम मोडला असे आपण म्हटले का?” अण्णा गप्प राहिले. त्यांचे समाधान झालेले नव्हते. त्या रात्री ते फोनवर आले, परंतु अभंग सुरू करून देण्याचा आपला मान त्यांनी दुसऱ्यास दिला.

आम्हांला स्वतःला तरुणाचे म्हणणे पटले होते. तरीही अण्णांचे दुःख आम्हांला हट्ट वाटले नाही. परमुलखात आपल्या हाती घर, भाषा, हवा यांपैकी काहीच पूर्वीसारखे उरत नाही. उरतो तो नेम. त्यालाही एकदा मुरड घातली की पुढे कोणते कारण पुरेसे मानावे, हा त्यांचा प्रश्न खराच होता.

महिन्याभराने मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आला, २२ डिसेंबर. महालक्ष्मीच्या व्रताचे उद्यापन आमच्या घरी होते. हवामानखात्याने पिढीतून एकदा येणारे वादळ शुक्रवारी येणार असे आधीच सांगून ठेवले होते. आणि गुरुवारी संध्याकाळी बाहेर साधा पाऊस पडत होता, हवा उबदार होती. या उबेवरच आमचा विश्वास नव्हता. नोव्हेंबरचा अनुभव ताजा असल्यामुळे हळदीकुंकू दुपारीच उरकले आणि अंधार पडण्याच्या आत सुवासिनींना घरी धाडले. दक्षिणेकडील एक कुटुंब मात्र ठेवून घेतले, कारण त्या घरची वहिनी येथील इस्पितळात परिचारिका आणि शुक्रवारी पहाटे तिला कामावर हजर व्हायचे होते. ही वहिनी फोंड्याकडची. पहाटे पाचला दहीपोहे खाऊन ती निघाली. अण्णा त्या दिवशी आले नव्हते. नोव्हेंबरपासून त्यांचे येणे कमीच झाले होते.

लातूर-धाराशिवकडे आणि बेळगावच्या सीमाभागात शेतकरी वेळ अमावस्येचा नैवेद्य काळ्या आईला दाखवून संध्याकाळी शेतातून परतत असतील, त्या सुमारास आमच्याकडे शुक्रवारची सकाळ उजाडत होती. आठ-नऊच्या सुमारास वारा फिरला. पाऊस काही मिनिटांत हिम झाला आणि पुढचे घर दिसेनासे झाले. सरोवर अद्याप मोकळे, त्याच्यावरून चक्रीवादळाच्या वेगाचा वारा. साडेनवापासून वाहनबंदी लागू झाली. तोवर अनेक माणसे कामावर किंवा रस्त्यावर होती. विमानतळावरच्या नोंदीप्रमाणे त्या चार-पाच दिवसांत ५१.९ इंच हिम पडले, आणि जवळजवळ ३७ तास दृश्यता शून्यवत होती. आंधळे या शब्दाचा अर्थ आम्हांला तेव्हा कळला. रुग्णवाहिका आणि अग्निशामक दलाचे बंबही हिमात रुतून बसले. एरी काउंटीत ४५हून अधिक माणसे मृत्यू पावली: कोणी बंद पडलेल्या मोटारीत, कोणी पायी निघून वाटेत, कोणी वीज गेलेल्या थंडगार घरात, कोणी मदत न पोहोचल्यामुळे. त्यांत शहराच्या पूर्व भागातील कृष्णवर्णीय वस्तीतली माणसे प्रमाणाबाहेर अधिक होती. जुनी घरे, वाहन नाही, दोन दिवस पुरेल एवढा शिधा भरून ठेवण्याची ऐपत नाही. वादळ सर्वांवर सारखे आले असे म्हणणे त्यामुळे बरोबर होणार नाही.

आमच्या घरची वीज टिकली. भट्टीच्या धुराचा नळ भिंतीबाहेर निघतो. तो हिमाने बुजला तर विषारी वायू घरात साठतो. म्हणून दर दोन तासांनी आम्ही पाळीपाळीने, भिंतीला हात लावून, तो नळ मोकळा करून येत होतो. दहा पावलांचे अंतर. पण कमरेला दोर बांधल्याशिवाय कोणाला जाऊ दिले नाही.

शुक्रवारी संध्याकाळी अण्णांचा फोन आला. वीज दुपारीच गेली होती. फोनमधील वीज पुरावी म्हणून सकाळी नऊ आणि संध्याकाळी सात, असा मिनिटभर बोलण्याचा नेम त्यांनीच घालून दिला. शनिवारी सकाळी त्यांचा आवाज आला: तीन स्वेटर, दोन रजया, हरिपाठ झाला. शनिवारी संध्याकाळी सात वाजले, आठ वाजले. फोन आला नाही. आमच्या घरापासून त्यांचे घर नऊ मैल. आम्ही तातडीच्या क्रमांकांवर फोन करीत राहिलो. जेथे लागला तेथे नाव-पत्ता लिहून घेतला गेला आणि कधी येऊ हे सांगता येत नाही असे उत्तर मिळाले. ते खरेच उत्तर होते. घरातले तरुण चालत जाण्याची भाषा बोलू लागले तेव्हा वहिनीच्या नवऱ्याने दाराला पाठ लावली. “तुम्हांला शोधायला मग कोण जाईल?” एवढेच तो म्हणाला. त्या रात्री देवापुढे समई तेवत होती आणि कोणालाही अभंग सुचत नव्हता.

रविवारी, नाताळच्या दिवशी, दुपारी अनोळखी क्रमांकावरून फोन आला. बाईचा आवाज. त्या खालच्या मजल्यावर राहत. वरच्या पावलांचा आवाज बंद झाल्याचे त्यांच्या धाकट्या मुलाने सांगितले, म्हणून शनिवारी संध्याकाळी त्या जिना चढून गेल्या आणि थरथरणाऱ्या अण्णांना रजईसकट खाली घेऊन आल्या. त्यांच्याकडेही वीज नव्हती. पण गॅसची शेगडी चालू होती आणि एका खोलीत नऊ माणसे एकमेकांच्या उबेने बसली होती. बाईंची तक्रार वेगळीच होती. “तुमचे आजोबा मांस नको म्हणतात. मग त्यांना देऊ तरी काय?” आम्ही दूध, पाव, उकडलेला बटाटा सांगितला. बाई म्हणाल्या, बटाटे आहेत.

परिचारिका वहिनी सोमवारी परतली. तीन दिवस ती इस्पितळातच होती, मिळेल तेव्हा खुर्चीत झोपत. हिमावरून धावणाऱ्या घसरगाडीवर एका स्वयंसेवकाने तिला आमच्या दारापर्यंत आणून सोडले. उतरताना थकव्यामुळे तिच्या तोंडून इंग्रजी निघालेच नाही. “देव बरें करूं,” असे ती त्या गोऱ्या तरुणाला म्हणाली, आणि त्याने ते बरोबर समजून टोपी काढली.

शहरातील वाहनबंदी गुरुवारी, २९ डिसेंबरला उठली. त्या दिवशी आम्ही अण्णांकडे गेलो, खालच्या घरासाठी दोन डबे घेऊन. अण्णा त्यांच्याच बैठकीत बसले होते. मुलांना ते टाळ धरायला शिकवीत होते. टाळ नसल्यामुळे पातेल्यांची दोन झाकणे. नोव्हेंबरच्या वादाचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही. जानेवारीच्या बैठकीत मंडळाने ठराव केला की वाहनबंदी असेल तेव्हा भजन घरोघरी होईल आणि ती एकादशी चुकली असे धरले जाणार नाही. अण्णांनी हात वर केला नाही, खालीही ठेवला नाही. त्यांनी एवढेच सुचविले की मंडळाच्या वहीत प्रत्येक सभासदाच्या नावापुढे त्याच्या शेजाऱ्याचे नाव आणि फोन क्रमांक लिहून घ्यावा. आमच्यापैकी निम्म्या लोकांना शेजाऱ्याचे नाव तेव्हा विचारून यावे लागले.

गेल्या काही दशकांत या सरोवरावरचे बर्फाचे आच्छादन घटत चालले आहे. २०२३-२४ च्या हिवाळ्यात तर पाणी जवळजवळ मोकळेच राहिले, आणि जानेवारी २०२४ मध्ये ऐन संक्रांतीच्या तोंडावर पुन्हा हिमाची झड लागली. कार्तिकात सुरू होऊन पौषात संपणारी काळजी आता माघापर्यंत वाहावी लागते. वहीतले ते पान आम्ही दर वर्षी आश्विनात, तुळशी आत घेण्याच्या सुमारास, नव्याने लिहितो. अण्णांच्या नावापुढे क्रमांक तोच आहे. त्या घरची धाकटी मुलगी अधूनमधून एकादशीला त्यांच्याबरोबर येते. तिच्यासाठी फराळाच्या ताटात बटाट्याची भाजी थोडी जास्त वाढावी लागते.